चेहरा सम्राटाचा, विश्वास सोन्याचा

रोममधील कॅपिटोलाइन टेकडीच्या पायऱ्या चढताना डाव्या हाताला आराचेलीचे जुने चर्च दिसते. टेकडीच्या याच बाजूस प्राचीन काळी जुनो मोनेटा देवीचे मंदिर होते आणि त्याला लागूनच रोमची टांकसाळ. 'मोनेटा' या नावापासूनच इंग्रजीतील 'मनी' आणि 'मिंट' हे शब्द आले. व्यापारी कुटुंबातील प्रवाशाने येथे क्षणभर थांबावे. पुढे मुख्य रेल्वे स्थानकाजवळील पॅलात्सो मास्सिमो संग्रहालयाच्या तळघरात नाण्यांचा मोठा संग्रह आहे. तोही चुकवू नये.

रोमन सोन्याचे नाणे म्हणजे 'ऑरियस'. एका ऑरियसचे चांदीचे पंचवीस 'डिनेरियस' मिळत. आपला 'दीनार' हा शब्द त्यातूनच आला. कल्पसूत्रातही दीनारांच्या माळेचा उल्लेख आहे.

वृत्तपत्रे नसलेल्या त्या काळात राजाज्ञा आणि राजप्रतिमा घरोघर पोहोचविण्याचे साधन म्हणजे नाणे. ऑगस्टसने इजिप्त जिंकल्याची घोषणा मगरीचे चित्र कोरून केली. इ.स. ५४ मध्ये नीरो गादीवर आला, तेव्हाच्या ऑरियसवर तो आणि त्याची आई ॲग्रिपिना समोरासमोर दिसतात. पाचच वर्षांनी त्याने तिचा वध करविला. नाण्यावर राजाला हवे तेवढेच उमटते.

वजन मात्र खोटे बोलत नाही. ऑगस्टसच्या काळी एका रोमन पौंड सोन्यातून सुमारे ४० नाणी पाडत, नीरोने इ.स. ६४ च्या सुमारास ती ४५ केली. मुद्रा तीच, ऐट तीच. सोने तेवढे कमी.

मिरी आणि रत्नांच्या मोबदल्यात हे सोने भारतात येई. दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स भारताकडे जातात, अशी तक्रार प्लिनीने नोंदविली आहे. तमिळनाडूतील पुदुक्कोट्टै येथे १८९८ मध्ये ५०१ ऑरियस सापडले. त्यांतील बहुतेकांवर सम्राटाच्या मुखावरच छिन्नीचा घाव आहे. हा घाव सोने पारखण्यासाठी की नाणे चलनातून काढण्यासाठी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. आयुष्य बँकेत घालविलेल्या माझ्यासारख्याला त्यातून एवढेच उमगते, की रोमचा सम्राट आपल्या व्यापाऱ्यांना दिपवू शकला नाही. त्यांच्या लेखी मोल चेहऱ्याला नव्हते, त्याखालच्या सोन्याला होते.