कॅप्सूल, पावडर की ताटातलं?

तारापूर एमआयडीसीत कामाला लागल्यापासून आमचा मोठा मुलगा पाळी संपली की बोईसरच्या जिमला जातो. मागच्या महिन्यात म्हणाला, "अम्मी, ट्रेनरने अमिनो घ्यायला सांगितलंय." आम्ही दोघं नवराबायको त्याच्यासोबत पालघरला दुकानात गेलो. कॅप्सूल, पावडर आणि बाटलीतलं पातळ, एकाच वस्तूचे तीन प्रकार समोर आले.

कॅप्सूल सोयीची वाटली. पण एकीत अर्धा ग्रॅम आणि ट्रेनरने सांगितलेले पाच ग्रॅम, म्हणजे रोज दहा कॅप्सूल! शिवाय वरचं कवच जिलेटिनचं. ते जनावराच्या कातडी-हाडांपासून होतं. कुठल्या जनावराच्या, हे डब्यावर नव्हतं. दुकानदार म्हणाला, "सगळे घेतात." सगळे घेतात म्हणून एखादी गोष्ट हलाल होत नाही.

बाटलीतलं गोडमिट्ट होतं. पावडरला कवच नसतं. पण अमिनो आम्लं कधी पिसं-केसांपासून काढतात, तर कधी वनस्पतीची साखर आंबवून. हिरवा ठिपका असलेला डबा निवडला, म्हणजे जनावराची शंका मिटली.

पैसे देणार तोच घरून अब्बांचा, मुलाच्या आजोबांचा, फोन आला. "माझ्यासाठीही आणा. पायात ताकद राहिली नाही."

आम्ही थबकलो. अब्बांना मूत्रपिंडाचा आजार आहे. डबा घरात असता तर त्यांनी कुणाला न विचारता दुधात घातला असता. तसेच परतलो आणि त्यांच्या डॉक्टरांना गाठलं.

ते म्हणाले, "अब्बांना एक चमचाही नको. मूत्रपिंड दुबळं असलं की प्रथिनं मोजून द्यावी लागतात." मग मुलाकडे वळले. "तुझ्या पावडरीत ल्युसीन, आयसोल्युसीन, व्हॅलीन ही तीनच. शरीराला अन्नातून नऊ लागतात. अंडी, मासे, कोंबडी, दूध यांत ती सगळी आहेत. डाळीत जे कमी ते भातात, भातात जे कमी ते डाळीत."

आता मुलाच्या डब्यात दोन उकडलेली अंडी असतात. घरी डाळ-भात आणि सातपाटीचे सुके बोंबील. सुक्या बोंबलात वजनाच्या निम्म्याहून अधिक प्रथिनं असतात. मीठही असतं, म्हणून अब्बांच्या ताटात ते नाहीत.

मुलगा चार दिवस रुसला होता. आता डॉक्टरांच्या सल्ल्याने तोच अब्बांना मगरिबनंतर गल्लीच्या टोकापर्यंत चालवून आणतो. अल्हम्दुलिल्लाह, परवा ते काठीशिवाय दोन पावलं चालले.