घरगल्लीचे रहिवासी

पक्षी पाहावयाचे म्हणजे कोठेतरी लांब जावयास हवे, अशी एक समजूत आमच्या मध्यमवर्गात दृढ होऊन बसली आहे. रविवारी पहाटे उठावे, थर्मासमध्ये चहा भरून घ्यावा, गळ्यात दुर्बीण अडकवावी आणि कर्नाळ्यास अथवा उरणच्या खाडीकडे प्रस्थान ठेवावे. हिवाळ्यात शिवडीच्या चिखलातील रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे पाहून यावे आणि सोमवारी कचेरीत त्यांचे वर्णन करावे. यास आमची ना नाही. शिवडीचे रोहित आम्हीही पाहिले आहेत, आणि त्या दृश्यापुढे काही वेळ आम्हांस बोलणे सुचले नाही, हेही खरे. परंतु पाहुण्यांचे कौतुक करण्याच्या भरात शेजाऱ्यांची ओळख राहून जावी, हे काही शिष्टसंमत नव्हे.

आमचा शेजार म्हणजे गिरगावातील आमच्या चाळीची मागील बाजू. पुढील गॅलरी ही चाळीची बैठकीची खोली. तेथे पाहुणे उभे राहतात, गणपतीच्या मिरवणुका पाहिल्या जातात, मुलींच्या लग्नाच्या गोष्टी निघतात. मागील गॅलरी मात्र कोणी कोणास दाखवीत नाही. तिच्याखाली घरगल्ली आहे, म्हणजे आमची चाळ आणि पलीकडची चाळ यांमधील ती अरुंद फट, जिच्यात मोऱ्यांचे नळ उतरतात आणि मुलांचे चेंडू कायमचे हरवतात. ही गल्ली ज्या चौकोनी जागेत जाऊन थांबते तेथे फळ्यांनी झाकलेली एक जुनी विहीर, एक उंबर, एक शेवगा आणि दोन माड आहेत. जुनी माणसे त्या जागेस अद्याप 'परस' म्हणतात. नोकरीत होतो तोवर सकाळचा चहा आणि कचेरीची गाडी यांमधील अर्धा तास, आणि निवृत्त झाल्यापासून त्याहून बराच अधिक वेळ, आम्ही या परसाकडे पाहत आलो आहो.

हा आळशी माणसाचा उद्योग आहे असे कोणी म्हणेल, तर त्यास आम्ही एक भक्कम आधार दाखवू. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन या साहेबांचा जन्म १८५१ साली साताऱ्यास झाला. नोकरी कस्टम व मीठ खात्यात, लेखन 'ई. एच. ए.' या आद्याक्षरांनी. १८८३ साली निघालेल्या 'द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर' या त्यांच्या पुस्तकात वाघ नाहीत, हत्ती नाहीत. बंगल्यात आणि बंगल्याभोवती न विचारता वावरणारे उंदीर, पाली, बेडूक, मुंग्या आणि कावळे आहेत. जणू सरहद्दीवरील पुंड जमातींशी सरकारचे जसे संबंध, तसेच या मंडळींशी आपले, अशी त्या पुस्तकाची गमतीची कल्पना. पुढे मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवरही त्यांनी लिहिले. १५ सप्टेंबर १८८३ रोजी ज्या आठ गृहस्थांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापिली त्यांत एटकेन होते. आणि आम्हां गिरगावकरांस विशेष अभिमानाची गोष्ट म्हणजे त्या आठांत दोन डॉक्टर मराठी होते. एक डॉ. सखाराम अर्जुन, डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील आणि वनस्पतींचे मोठे जाणकार, दुसरे डॉ. आत्माराम पांडुरंग, ज्यांच्या पुढाकाराने १८६७ साली प्रार्थनासमाज निघाला. त्या समाजाच्या नावाचा नाका आमच्या चाळीपासून चार पावलांवर आहे. बसचा वाहक दिवसातून शंभर वेळा ते नाव पुकारीत आला. त्यातील एका प्रवर्तकास पाखरांचीही आवड होती, हे उतरणाऱ्यांपैकी फारच थोड्यांस माहीत असेल.

त्याच नाक्याच्या पलीकडे खेतवाडी. १८९६ साली जन्मलेले सालिम अली तेथे मामांच्या घरी वाढले. दहा वर्षांच्या आसपासचे असताना त्यांनी केलेले एक टिपण प्रसिद्ध आहे. तबेल्याच्या भिंतीतील भोकात चिमणी अंड्यांवर बसलेली, आणि बाहेर खिळ्यावर तिचा नर पहारा करीत असलेला. मुलाने गाडीआड दडून छऱ्याच्या बंदुकीने नर मारला. थोड्याच वेळात त्याच खिळ्यावर दुसरा नर येऊन बसला. तोही मारला, तर तिसरा आला. सात दिवसांत आठ नर गेले आणि खिळा रिकामा म्हणून राहिला नाही. त्या आठ जिवांबद्दल वाचताना हळहळ वाटते; पण 'नर मेला तर मादी काय करते' या प्रश्नाचे उत्तर त्या मुलाने तबेल्यात मिळवले आणि लिहून ठेवले. त्याच मुलाने पुढे १९४१ साली 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स' हे पुस्तक दिले.

चिमणीचा विषय निघालाच आहे, तर या शब्दाची थोडी मौज सांगितली पाहिजे. मुंबईच्या मराठीत चिमण्या तीन. एक अंगणातील, दुसरी घासलेटाची, जिच्या उजेडात आमच्या वडिलांच्या पिढीने परीक्षा दिल्या, आणि तिसरी गिरणीची. आमचे मामा परळला एका गिरणीत कारकून होते. लहानपणी त्यांच्याकडे गेलो असता 'चिमणी बघ' असे कोणी म्हटले, की मान खाली घालावी की वर करावी असा प्रश्न पडत असे. घासलेटाची चिमणी विजेने घालविली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणीकामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतरच्या काळात गिरण्यांच्या चिमण्याही एकेक थंड पडल्या; आज परळ-लालबागच्या उंच इमारतींच्या गर्दीत एखादी उरली आहे ती दिवाणखान्यात ठेवलेल्या जुन्या जात्यासारखी, शोभेपुरती.

राहिली पहिली. आमच्या लहानपणी ती घराबाहेरचा प्राणी नव्हतीच. भिंतीला तिरप्या टांगलेल्या तसबिरींच्या मागे तिचे घरटे असे. आजोबांच्या चेहऱ्यावर वरून काड्या पडत आणि ते पूर्ववत गंभीर राहत. आई सुपात तांदूळ निवडावयास बसली की दहा-वीस चिमण्या तिच्याभोवती फेर धरीत, आणि निवडलेले खडे व टाकलेली कणी यांतील फरक त्यांस आमच्याहून लवकर कळे. आता तांदूळ निवडलेलाच पिशवीतून येतो. वाण्याच्या दारातील उघडी पोती गेली, तसबिरी भिंतीला सपाट चिकटल्या, वळचण नाहीशी झाली. शिवाय मोठी चिमणी दाण्यावर जगते खरी, परंतु पिलांस अळ्या व किडेच लागतात. आणि जेथे माती नाही, झुडूप नाही, तेथे अळी कोठून येणार? चिमणी आपल्यावर रुसून गेली, असे गोड दुःख व्यक्त करण्याची हल्ली चाल पडली आहे. चिमणी रुसत नाही. तिला एक भोक, चार दाणे आणि मूठभर धूळ हवी असते. ती मिळाली तर राहते, न मिळाली तर जाते. आमच्या परसात आज सकाळी सात होत्या. त्यांतील एका जोडप्याने कौलांखालील वाशाजवळची फट धरून ठेवली आहे.

कावळ्याचे मात्र तसे नाही. तो कोठेही राहील आणि तेथे आपलेच राज्य आहे असे समजेल. पितृपंधरवड्यात गॅलरीच्या कठड्यावर पान मांडून त्याची मनधरणी करावयाची आणि उरलेले साडेअकरा महिने त्यास हाकलावयाचे, हा आमचा व्यवहार तो मनास लावून घेत नाही. उंबरावर त्याचे घरटे असते. त्यात काटक्यांपेक्षा तारा अधिक. एप्रिलपासून पुढे या घरट्यापुढे जे नाटक चालते, ते पाहावयास तिकीट लावले असते तरी आम्ही काढले असते. काळाकुळकुळीत कोकीळ अगदी समोरच्या माडावर येऊन उच्चरवाने ओरडू लागतो. (गातो तो नर, ठिपक्यांची मादी नुसती 'किक्-किक्' करते. काव्यात मात्र आम्ही बहुधा मादीलाच गावयास लावतो.) कावळा-कावळी दोघेही चवताळून त्याच्या पाठीस लागतात, तो त्यांस दूर नेतो, आणि तेवढ्यात ती ठिपक्यांची बाई पानांतून उतरून आपले काम उरकते. कावळ्याचे अंडे फुटण्यास सोळा ते वीस दिवस लागतात, कोकिळेचे बारा-चौदा दिवसांत फुटते; म्हणजे पाहुण्याचे पोर घरच्या पोरांआधी जेवावयास बसते. एका जूनमध्ये, पहिल्या पावसाने भिजलेले असे एक लठ्ठ पोर कठड्यावर बसून चोच वासत होते आणि कावळी त्यास आमच्याच ताटातील पोळीचा तुकडा भरवीत होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, "एवढा हुशार पक्षी, आणि पोर ओळखू येऊ नये!" आमचे कुटुंब म्हणाले, "अहो, तोंड उघडून समोर बसलं की कोण ओळखत बसतंय?" या प्रश्नावर आम्ही वाचलेल्या पुस्तकांत याहून नेमके उत्तर सापडलेले नाही.

गच्चीवर गेले की आकाशातले रहिवासी दिसतात. घारी आहेत, दुपारी तापलेल्या हवेवर पंख न हलविता चढत राहतात. गिधाडे नाहीत. पूर्वी पश्चिमेस मलबार टेकडीवर, पारशांच्या डुंगरवाडीच्या वर, त्यांची संथ वर्तुळे आमच्या गच्चीवरून दिसत, आणि आम्हां मुलांस त्यांचे भय वाटे. १९९० नंतरच्या थोड्या वर्षांत देशातील गिधाडांच्या तीन जाती शेकडा ९५ हून अधिक नष्ट झाल्या. गुरांस वेदनाशामक म्हणून देण्यात येणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावरांतून त्यांच्या पोटात जाई व मूत्रपिंडे निकामी करी. २००४ साली हे कारण प्रसिद्ध झाले आणि २००६ साली गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. तोवर आमच्या पश्चिमेचे आकाश रिकामे झाले होते. एवढा मोठा पक्षी नाहीसा होतो आणि खाली रस्त्यावर कोणाची मान वर होत नाही, याचा आम्ही पुष्कळदा विचार करतो.

रात्रपाळीची मंडळी निराळी. उंबर पिकला की वटवाघळे येतात आणि अर्धी फळे विहिरीच्या फळ्यांवर टाकून जातात. पांढऱ्या तोंडाचे एक गव्हाणी घुबड पलीकडच्या पोटमाळ्याच्या फुटक्या खिडकीतून निघून घरगल्लीतील घुशी-उंदरांची हजेरी घेते. त्यास अशुभ मानणाऱ्या बिऱ्हाडकरूंनीच उंदरांविरुद्ध दोनदा अर्ज केलेले आहेत.

आणि आता तांबट. चिमणीएवढ्यापेक्षा थोडा मोठा, हिरवा, कपाळावर व छातीवर तांबडा छाप असलेला हा पक्षी. चोच मिटलेली ठेवून, गळा फुगवून तो 'टुक्-टुक्-टुक्' असा जो ठोका धरतो तो मिनिटास शंभराच्या आसपास पडतो आणि दमत नाही. तांबाकाट्याच्या बाजारात हातोडीखाली भांडी ठोकली जात तेव्हा नेमका असाच नाद येई, म्हणून त्यास हे नाव. बोलताना तो मान एकदा इकडे, एकदा तिकडे वळवितो. त्यामुळे आवाज भलत्याच झाडावरून आल्याचा भास होतो. आमच्या शेवग्याची एक फांदी दोन वर्षांपूर्वी वाळली. फेब्रुवारीत तांबटाच्या जोडप्याने तिच्या खालच्या अंगास रुपयाएवढे वाटोळे भोक कोरले. आळीपाळीने दोघेही कोरीत होती, आणि भुसा चोचीने बाहेर फेकीत होती. वाळली नसती तर ती फांदी त्यांच्या कामाची नव्हती.

पावसाळ्यापूर्वी झाडे छाटावयाची, तेव्हा चाळीच्या चिटणीसांचे लक्ष प्रथम तिच्याकडे गेले. गृहस्थ सज्जन आहेत. "काका, उद्या ती कोणाच्या डोक्यात पडली तर जबाबदार कोण?" या त्यांच्या बोलण्यास उत्तर नव्हते. शिवाय, चाळच आता फार दिवसांची सोबतीण नाही. पुनर्विकासाच्या कागदावर बहुतेकांच्या सह्या झाल्या आहेत. आमचीही आहे. गॅलरीच्या टोकाचा सामाईक संडास, पावसात गळणारी कौले आणि आमच्या कुटुंबाच्या गुडघ्यांपुढचे लाकडी जिने यांचा विचार करता, पाखरांसाठी सही नाकारावी असे आम्ही कोणास सांगणार नाही. नव्या नकाशात उद्वाहन आहे, प्रत्येक घरात संडास आहे, आणि परसाच्या जागी मोटारी ठेवण्याचे मजले आहेत. हिरवळ सहाव्या मजल्यावर दाखविली आहे. नकाशा आम्ही भिंग घेऊन पाहिला. त्यात वळचण कोठे नाही आणि वाळलेली फांदी तर असणारच नाही. इमारत उठेपर्यंत बिऱ्हाडकरूंस भाडे मिळावयाचे आहे.

फांदीचा प्रश्न मात्र सुटला. आमचे कुटुंब चिटणीसांच्या आईकडे जाऊन बसले. काय बोलणे झाले ते आम्हांस सांगण्यात आले नाही. पिले उडेपर्यंत फांदीखालच्या जागेत कोणी जाऊ नये म्हणून दोरी बांधावी आणि मग छाटणी करावी, असा निरोप दुसऱ्या दिवशी आला. दोरी चिटणीसांनी स्वतः बांधली.

काल सकाळी त्या भोकातून पहिल्यांदा एक चेहरा बाहेर डोकावला. कपाळावर तांबडा छाप अजून उमटावयाचा आहे. नर उंबराचे फळ घेऊन आला, भरवून गेला, आणि माडाजवळ बसून त्याने ठोका धरला. खाली फीत घेऊन जागा मोजावयास दोन तरुण आले होते. त्यांतील एकाने दोरी पाहिली, ती ओलांडली नाही, आणि आवाज ऐकून माडाकडे, मग उंबराकडे, मग पलीकडच्या चाळीकडे मान वळविली. "काका, वर कुठे काम चालू आहे का?" त्याने विचारले. आम्ही शेवग्याकडे बोट दाखविले. त्याच्या सोबत्याने दोनदा आकडा विचारला, तरी फितीचे टोक हातात धरून तो वर पाहतच राहिला.