तंबूतली रात्र आणि शेतातली जागल

वाचकहो, कापडाच्या घरात एक रात्र झोपायला लोक हजारो रुपये मोजतात, असं सांगितलं तर तुम्ही हसाल. मीही हसलो होतो. पण पुण्याला नोकरी करणाऱ्या आमच्या लेकीनं हट्टानं पैसे भरले आणि गेल्या मार्चमध्ये धाकट्या भावाच्या दोन लेकरांना घेऊन मी नागझिऱ्याला तंबूत राहून आलो. मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी आठ वर्षांची.

भंडाऱ्याहून हमरस्त्यानं साकोली गाठायची आणि तिथून पिटेझरीकडे वळायचं. नागझिरा अभयारण्य 1970 सालचं. तेव्हा ते सारं भंडारा जिल्ह्यातच होतं. 1999 साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि जंगल दोन्हीकडे वाटलं गेलं. 2013 साली नवेगाव, नागझिरा, कोका हे सारं मिळून व्याघ्रप्रकल्प झाला.

तंबू म्हणजे आपल्या जत्रेतली राहुटी समजू नका. खाली पक्का ओटा, जाड दुहेरी कापड, पलंग, मच्छरदाणी, मागे संडास-न्हाणी. पोरांनी पहिला अर्धा तास दाराची चेन वरखाली करण्यातच घालवला. तिथल्या माणसानं मग त्यांना समजावलं: अंधार पडल्यावर एकट्यानं बाहेर जायचं नाही, चेन उघडी ठेवायची नाही, तंबूत खाऊ ठेवायचा नाही, सकाळी बूट झटकूनच घालायचे. तुम्ही लेकरांना नेलंत तर एवढं पाळाच. शिवाय पहाटे उघड्या जिप्सीत गारठा लागतो, म्हणून स्वेटर घ्या आणि भडक रंगाचे कपडे टाळा.

रात्री जेवणं झाली. दिवा मालवला. दूर कुठं तरी सांबर ओरडलं. मुलगा म्हणाला, "मोठेबाबा, हे तर आपल्या मचाणावरूनही ऐकू येते." मुलगी बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "बाबांना आणलं असतं तर एक रात्र झोपले असते ना?"

मला उत्तर सुचलं नाही. भावाचं उन्हाळी धान उभं होतं. रानडुकरांपायी महिनाभर तो रोज रात्री मचाणावर टिनाचा डबा वाजवत बसत होता. आम्ही पैसे देऊन ज्या अंधारात झोपलो होतो, त्याच अंधारात तो जागत होता.

सकाळी जंगलात गवे दिसले, तळ्यावर सांबरं दिसली, रानकुत्र्यांची टोळी रस्ता ओलांडून गेली. वाघ दिसला नाही. आमच्याबरोबरचा गाईड जवळच्याच गावचा. पावसाळ्यात फेऱ्या बंद असतात तेव्हा तो धान लावतो. तो मुलांना म्हणाला, "वाघ डुकरं खातो, तो आपला राखणदारच आहे. पण मोहफुलं वेचताना वाकलेल्या माणसाला तोच धोका आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत." इतकं सरळ मलाही कधी सांगता आलं नव्हतं.

याच नागझिऱ्यातला 'जय' नावाचा वाघ 2013 साली चालत उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात गेला. त्याला पाहायला दूरदूरहून लोक पवनीकडे येऊ लागले. 2016 साली तो दिसेनासा झाला. त्याचा बछडा 'श्रीनिवास' 2017 साली चंद्रपूर जिल्ह्यात शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेनं मेला. बंधूंनो, हा करंट फक्त डुकराला ओळखत नाही. पाणी लावायला निघालेला शेजारी, कधी आपलंच लेकरू त्याला चिकटतं. लाइनच्या तारेवरून कुंपणात वीज सोडू नका. सौरकुंपणाचं यंत्र क्षणभर झटका देतं, त्यानं जनावर मागे फिरतं, मरत नाही. चार-पाच जणांनी मिळून सलग बांधांना ते बसवलं तर खर्चही वाटला जातो. आणि नुकसान झालंच तर तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे अर्ज द्या. पंचनामा होईपर्यंत पीक तसंच राहू द्या. "उद्या बघू" म्हणत मुदत हुकलेले कितीतरी जण मी पाहिले आहेत.

घरी परतल्यावर त्याच रात्री मुलगा आणि मी मचाणावर गेलो. भावाला सांगितलं, आज तू घरी झोप. तो नाही नाही म्हणाला, पण मुलीनं त्याचा हात धरून त्याला ओढतच नेलं. मध्यरात्री बांधाकडे खसखस झाली. पोरानं बॅटरी मारली, डबा वाजवला. डुकरं होती की आणखी काही, कळलं नाही, पण धान वाचलं.

सकाळी आठ वाजले तरी भाऊ उठला नव्हता. वहिनी पोरांना म्हणाली, "आवाज करू नका."

जमलं तर तुम्हीही लेकरांना एकदा जंगल दाखवून आणा. तंबूतच राहायला हवं असं काही नाही. सकाळची फेरी करून संध्याकाळी घरी येता येतं. आणि आल्यावर घरात जो जागल करतो, त्याला एक रात्र सुट्टी द्या.