जवळजवळ सारख्या दोन रंगांतून निवड

क्रीम, हस्तिदंती, बदामी, बिस्किटी हे सारे रंग मुळात पांढरेच. पांढऱ्या बेसमध्ये टिंटिंग मशीन पिवळ्या, तांबड्या आणि काळ्या रंगद्रव्याचे थोडे थेंब सोडते, आणि त्यांच्या प्रमाणावर झाक ठरते. तांबडा वाढला की गुलाबी झाक येते. पिवळ्यात काळा वाढला की हिरवट. शेडकार्डावर सारखे वाटणारे दोन चौकोन वेगळे असतात ते या झाकेमुळे. दोन्ही चौकोन शुभ्र कागदावर शेजारी ठेवले, की ती ओळखता येते.

झाक कळली की आधी फरशीकडे पाहावे, कारण फरशी बदलत नाही. शेजारच्या रंगामुळे प्रत्येक रंग वेगळा भासतो, हे पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यातले रसायनतज्ज्ञ शेव्हरल यांनी १८३९ साली ग्रंथरूपाने मांडले. हिरवट कोट्याच्या फरशीवर गुलाबी झाकेचा क्रीम म्हणूनच अधिक गुलाबी दिसतो. तिथे पिवळसर झाक बरी. सागवानी दारे-कपाटे असतील, तर त्यांच्या तांबूसपणाशीही रंग ताडून पाहावा.

मग उजेड. उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन क्वचितच येते, उजेड थंड असतो. हिरवट झाक तिथे मळकट दिसते. पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळी पिवळसर रंग भडक होतो. २७०० केल्विनचा दिवा पिवळेपणा वाढवतो, ६५०० केल्विनचा तो दाबतो. दिवसा एकसारखे दिसणारे दोन रंग दिव्याखाली वेगळेही पडू शकतात.

नमुना जुन्या भिंतीवर थेट लावू नये. जुना रंग नजरेला फसवतो. दोन फुटी पुठ्ठ्यावर प्रायमर मारून रंगाचे दोन हात द्यावेत, कडेने पांढरी पट्टी सोडावी. इमल्शन वाळल्यावर बहुधा किंचित गडद होते, म्हणून पूर्ण वाळू द्यावे. पावसाळ्यात त्याला जास्त वेळ लागतो. पुठ्ठा भिंतीला उभा टेकवून सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर पाहावा. आडव्या पुठ्ठ्यावर उजेड वेगळा पडतो.

एवढे पाहूनही दोन रंग तुल्यबळ ठरले, तर फिकट घ्यावा. चारही भिंतींचा उजेड एकमेकींवर परावर्तित होतो, आणि पुठ्ठ्यावरचा रंग खोलीत बहुधा अधिक गहिरा उतरतो.