माथेरानची हातरिक्षा आणि आपण

ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरल्यावर आम्ही सहा जण दोन दिवस माथेरानला गेलो. शिबिर नाही, मोर्चा नाही, चळवळीतल्या पोरांनीही कधी नुसतं फिरावं म्हणून. भिवपुरीहून गारबेटच्या पठारावरून चढलो. गवत पिवळं पडू लागलं होतं, आभाळ स्वच्छ होतं. दिवसभर कुणी जातीचा विषयही काढला नाही.

दुसऱ्या दिवशी एका मैत्रिणीचा पाय मुरगळला. माथेरानमध्ये मोटारींना बंदी. गाड्या दस्तुरी नाक्यावर, आणि ई-रिक्षाला लांबच लांब रांग. एक हातरिक्षावाले दादा म्हणाले, "बसा ताई, सोडतो." ती नाही म्हणाली. माणसाने माणसाला ओढू नये, हे आम्हीच भाषणांत सांगतो ना! दादा शांतपणे म्हणाले, "तुमच्या विचारानं आज माझी चूल पेटणार आहे का?"

शेवटी ती बसली. चढावर आम्ही मागून ढकलत होतो. लाल मातीत पाय रोवत दादांनी विचारलं, "कोर्टानं हे बंद करायला सांगितलंय म्हणे. मग ई-रिक्षा आम्हाला मिळणार, की पैसेवाल्याला?"

मित्रांनो, खरा प्रश्न हाच आहे. ६ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने ही प्रथा अमानवी ठरवून सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. रिक्षा ओढणाऱ्यांना ई-रिक्षा भाड्याने देण्याची योजना करा, पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असंही शासनाला बजावलं. संविधानाचा अनुच्छेद २३ वेठबिगारीला बंदी घालतो. पोटापायी किमान वेतनाहून कमी मजुरीत राबावं लागणं हीसुद्धा सक्तीचीच मजुरी, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच एशियाडच्या कामगारांच्या खटल्यात म्हटलं होतं. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी महार वतनाचं विधेयक मांडलं, तेव्हा नुसती वेठ थांबवा एवढंच मागितलं नव्हतं. जमिनीचा आणि कामाच्या मोबदल्याचा हक्कही मागितला होता.

हातरिक्षेत न बसण्याचं समाधान आम्हाला फुकटात मिळालं असतं. त्याची किंमत दादांनी मोजली असती. म्हणून बंदीचं स्वागत करताना पुनर्वसनाचा हिशेबही आपणच मागायला हवा.

ही मुदत फेब्रुवारी २०२६ पर्यंतची होती. आम्ही पुन्हा माथेरानला जाणार आहोत. ई-रिक्षाच्या चालकाच्या जागेवर कोण बसलंय, ते बघायला.

जय भीम!