ब्रँड नको, व्हॅल्यू सांग!

गिटारवाल्यांच्या जगात काही रंगांना भलताच भाव आहे. मोहरीसारखा पिवळा, गडद निळा आणि झगझगीत नारिंगी. हे टी-शर्टचे रंग नव्हेत बरं का! जुन्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटातले हे कंडेन्सर. इंजिनीअर मंडळी त्यांना कपॅसिटर म्हणतात. घरातला पंखा रेंगाळला की आपण ‘कंडेन्सर गेला’ म्हणतो ना, तीच ही जात. साठच्या दशकातल्या मार्शलमधले मलार्डचे ‘मस्टर्ड’, फेंडरमधले निळे, स्प्रेगचे ‘ऑरेंज ड्रॉप’... हे असतील तरच ‘तो’ टोन मिळतो, अशी श्रद्धा. आणि या श्रद्धेची किंमत डॉलरमध्ये मोजावी लागते!

माझ्याकडे त्याच काळातला एक फेंडर चॅम्प आहे. तीन व्हॉल्व्ह, आठ इंची स्पीकर आणि आवाज जेमतेम सहा वॉट. न्यू जर्सीला ऑनसाइट असताना शेजारच्या आजोबांनी तो मला अगदी स्वस्तात दिला. अट एकच: वाजवायचा, शोभेला ठेवायचा नाही. पुण्यात आल्यावर २३० व्होल्टचे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर जोडला आणि दर रविवारी शेजाऱ्यांच्या सहनशक्तीची परीक्षा सुरू झाली.

मग एक दिवस आवाज घोगरा झाला. मागे सतत घूंऽऽ. आणि मोठ्या व्हॉल्व्हच्या आतला पत्रा चक्क लाल! ताबडतोब स्विच बंद केला. गिटारवाल्या मित्रांचं एकमत झालं, ‘ओरिजिनल निळ्या कंडेन्सरना हात लावू नकोस. टोन जाईल आणि व्हिंटेजची किंमतही.’ म्हणजे अ‍ॅम्प ओरिजिनल ठेवायचा तर वाजवायचा नाही, आणि वाजवायचा तर ओरिजिनल राहणार नाही. आली का पंचाईत!

शेवटी तो उचलून बुधवार पेठेत नेला. तिथे एक काका आहेत. उभी हयात व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करण्यात गेलेली. फेंडर हे नाव त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

“काका, हे मूळचे कंडेन्सर आहेत. बदलले तर आवाज बदलतो म्हणतात.”

“ब्रँड नको सांगूस रे. व्हॅल्यू सांग,” काका म्हणाले.

मग त्यांनी मला फंडा समजावला. व्हॉल्व्हच्या एका टप्प्यातून गिटारचा सिग्नल बाहेर पडतो तो दीड-दोनशे व्होल्ट डीसीवर स्वार होऊन. पुढच्या टप्प्याला सिग्नल हवा असतो, डीसी नको असतो. मधला कपलिंग कंडेन्सर म्हणजे सोसायटीचा वॉचमन. सिग्नलला आत सोडतो, डीसीला गेटवर थांबवतो. माझ्या वॉचमनला वयोमानाने डुलकी लागली होती! मोठ्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर जिथे शून्य व्होल्ट हवेत तिथे मीटर डीसी दाखवत होता. दोष व्हॉल्व्हचा असेल का? काकांनी व्हॉल्व्ह उपसून बाजूला ठेवला. आकडा तसाच. म्हणजे चोर कंडेन्सरच. त्याच्या गळतीमुळे व्हॉल्व्ह नको इतका करंट ओढत होता, म्हणून पत्रा लाल. घूंऽऽचं कारण वेगळं होतं. वीजपुरवठा गुळगुळीत करणारे मोठे फिल्टर कंडेन्सर आतून वाळले होते.

“असाच वाजवलास तर आधी व्हॉल्व्ह जाईल, मग आऊटपुट ट्रान्सफॉर्मर,” काका म्हणाले. “तो ओरिजिनल कुठून आणणार तू?”

प्रश्न सुटला. निळा गेला, त्याच्या जागी ०.०२२ मायक्रोफॅरडचा, ६३० व्होल्टचा साधा पॉलिएस्टर कंडेन्सर आला. फिल्टरही नवे. कॉर्ड वाजवली आणि अंगावर काटा आला. आवाज तोच!

पण इंजिनीअरचा किडा स्वस्थ बसू देईना. एकाच व्हॅल्यूचे तीन वेगवेगळ्या जातींचे कंडेन्सर आणले, त्यात एक नावाजलेला नारिंगीसुद्धा. दर वेळी काकाच अ‍ॅम्प बंद करून, आतला चार्ज उतरवून कंडेन्सर बदलायचे आणि कुठला लावलाय ते सांगायचे नाहीत. मी पाठ करून वाजवायचो. मला एकदाही छातीठोकपणे ओळखता आलं नाही.

मग व्हॅल्यू बदलून पाहिली, आणि खरी गंमत तिथे निघाली. गिटारची सर्वात जाड तार साधारण ८२ हर्ट्झला वाजते. माझ्या सर्किटमध्ये ०.०२२ चा कंडेन्सर ३३ हर्ट्झच्या आसपास कापायला सुरुवात करतो, म्हणजे जाड तार जवळजवळ अख्खी पार होते. तिथे ०.००४७ लावला की कात्री दीडशे हर्ट्झवर! आवाज एकदम सडपातळ, पण डिस्टॉर्शनमध्ये स्वच्छ. हे ओळखायला काही उस्तादाचे कान लागत नाहीत.

मार्शलच्या गर्जनेचं एक मोठं कारण हेच आहे. जिम मार्शल हे लंडनमधले ड्रमचे शिक्षक. हॅनवेलमध्ये त्यांचं वाद्यांचं दुकान होतं. फेंडर अमेरिकेहून येणार, म्हणजे महाग पडणार. म्हणून १९६२ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या टीमने फेंडर बासमनच्या सर्किटवरून स्वतःचा जेटीएम-४५ बनवला. बासमनमध्ये पहिल्या व्हॉल्व्हच्या कॅथोडला २५० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर होता. त्यामुळे खालच्या-वरच्या सगळ्या सुरांना सारखाच जोर मिळायचा. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात मार्शलच्या ब्राइट चॅनलला त्या जागी ०.६८ आला. खालच्या सुरांचा जोर कमी झाला. आवाज फाटण्याआधीच बेस आवरला, की फाटलेला आवाज रबडी न होता धारदार राहतो. हार्ड रॉकचा चेहरा असा एका आकड्याने बदलला. कंडेन्सर पिवळा असला काय नि हिरवा असला काय!

एक सांगायलाच हवं. हे वाचून घरच्या अ‍ॅम्पचं झाकण उघडू नका. प्लग काढल्यानंतरही फिल्टर कंडेन्सरमध्ये साडेतीनशे व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात. चालू अ‍ॅम्प तपासताना काकांचा एक हात कायम खिशात असतो. शॉक बसलाच तर तो एका हातातून दुसऱ्या हातात, म्हणजे छातीतून जायला नको म्हणून.

काढलेला निळा कंडेन्सर मी अ‍ॅम्पच्या आतच एका पिशवीत चिकटवून ठेवलाय. उद्या कुणा कलेक्टरला हवा असेल तर खुशाल घेऊ दे. मित्र अजूनही हळहळतात, ‘आता तो पूर्ण ओरिजिनल नाही राहिला रे.’ नसेल. पण आजोबांची अट माझ्याकडून पाळली जातेय. आणि हल्ली कुणी मला कुठल्याही वस्तूचं नाव, रंग नि लेबल सांगायला लागलं, की तोंडातून आपसूक काकांचाच प्रश्न निघतो: ते असू दे, व्हॅल्यू काय?