मुसीकाठचे हिरवे गवत

2011 सालच्या मार्चमध्ये एका लग्नाच्या निमित्ताने हैदराबादेस जाण्याचा योग आला. दुपारी मंडळी आडवी झाली आणि मी मुसी नदी पाहण्यास बाहेर पडलो. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता. मुसीच्या 1908 च्या महापुराची हकिकत आमच्या घरीही सांगत.

अनंतगिरीच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी शहर ओलांडून उप्पलकडे पोचते तोवर तिचे सांडपाणी झालेले असते. काळपट, फेसाळ, नाकाला रुमाल लावायला लावणारे. पण काठावर कमरेएवढे पॅरा गवत! मार्चच्या उन्हात असा हिरवेपणा मी कालव्याखालीही पाहिला नव्हता. विळ्याने कापून भारे म्हशींच्या गोठ्यांकडे चालले होते.

"खत लागत नाही साहेब, पाणीच खत आहे," एक कापणारा म्हणाला.

खरेच होते ते. सांडपाण्यात नत्र भरपूर. आणि फसगत होते ती इथेच. शहराच्या पाण्याबरोबर कारखान्यांचे शिसे, कॅडमियम, जस्त, तांबेही येते. हे धातू कुजत नाहीत, मातीत साठतच जातात. पहिला मार बसतो मुळांना. तांबे फार झाले की मुळ्या आखूड राहतात, जस्त फार झाले की लोह मिळेनासे होऊन कोवळी पाने पिवळी पडतात. मुळेच दुबळी, मग नत्र-स्फुरद उचलणार कोण? गवत खुरटते, त्याचा कस उतरतो. पण हे डोळ्यांना दिसते ते फार उशिरा. तोवर नत्राच्या जोरावर गवत हिरवेगार असते आणि कॅडमियम गुपचूप पानांत चढत असते. शिसे बहुतेक मुळांतच अडकते. जनावराच्या पोटात ते जाते गवताला चिकटलेल्या मातीबरोबर. कॅडमियम दुधात थोडेच उतरते, पण जनावराच्या मूत्रपिंडात आणि यकृतात वर्षानुवर्षे साठत राहते. आम्ल जमिनीत हा त्रास अधिक, आपल्या चुनखडीच्या जमिनीत त्या मानाने कमी.

तेथे उभा असतानाच मला घाम फुटला. माझ्याच हद्दीतल्या एका गावी, कारखान्याच्या नाल्यालगतच्या पडीक पट्टीत, पॅरा गवत लावण्याची शिफारस मी केली होती. पाणी आहे, म्हशी आहेत, एवढेच पाहिले होते.

परतल्यावर आधी तिकडे गेलो.

"बेणं तुम्हीच आणून दिलंत की साहेब," घरच्या बाई म्हणाल्या. उत्तर नव्हते. मातीचा आणि धुतलेल्या गवताचा, दोन्ही नमुने घेतले. नेहमीच्या माती परीक्षणात शिसे-कॅडमियम पाहत नाहीत, म्हणून तसे वेगळे लिहून मागितले. अहवाल येईपर्यंत म्हशींना कडबाच घाला म्हणालो. तो विकत घ्यावा लागला. त्या घरी महिनाभर मला कोणी चहा विचारला नाही.

अहवालात कॅडमियम निघाले. त्या पट्टीत पुढे बांबू लावला.